रुथेनियमसारख्या धातूंचे प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाशाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ) असताना सच्छिद्र सेंद्रिय जाळ्या, म्हणजे सीओएफ, कशाला हव्यात?

माझ्या मते मुख्य कारण साधं आहे: वेगळं करण्याची सोय. रुथेनियम, इरिडियमची संयुगं प्रकाशात झकास चालतात, पण ती महाग आणि द्रावणात विरघळलेली. उत्पादनातून धातूचा शेवटचा अंश काढताना जीव मेटाकुटीला येतो. सीओएफ ही न विरघळणारी पूड. गाळा, धुवा, पुन्हा वापरा.

जाळीने दृश्य प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, उरतं. बेंझिलअमाइन या सेंद्रिय संयुगाचंच बघा. होल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढतं, जाळीतला सुटा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप) बनतं आणि शेवटी बेंझिलअमाइनचे दोन रेणू जुळून इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेलं संयुग) तयार होतं, तेही खोलीच्या तापमानाला. खरी गंमत अशी की इलेक्ट्रॉन देणारे आणि घेणारे घटक जाळीत निवडून गुंफता येतात, त्यामुळे कोणता रंग शोषायचा हे बऱ्याच अंशी आपल्या हातात.

२००५ साली रसायनशास्त्रज्ञ ओमार याघी यांच्या गटाने दाखवलेल्या पहिल्या सीओएफमधले बोरॉनचे बंध पाण्याने तुटायचे. बीटा-कीटोएनामाइन नावाच्या, पाण्यात टिकणाऱ्या बंधांनी ते दुखणं बरंचसं गेलं. मोठ्या भांड्यात मात्र पूड स्वतःच प्रकाश अडवते आणि तो आतपर्यंत पोचत नाही. सध्या घोडं तिथेच अडलंय.