आगुंब्याला एकटी निघालीस तर

अगं, कर्नाटकातल्या सह्याद्रीत, आगुंब्याला राहून तिथूनच ऑफिसचं काम करायचं म्हणतेस ना? जा, नक्की जा. पण जुलैत नको. तू लातूरची, २०१६ साली आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आगुंब्यात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पहिल्यांदा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, जंगल हिरवंगार आणि पाऊस ओसरलेला.

खोली ठरवण्याआधी रिसॉर्टवाल्यांना फोन करून दोनच गोष्टी विचार: इन्व्हर्टर आहे का, आणि कोणत्या कंपनीचं नेटवर्क खोलीत येतं. मी न विचारता गेले आणि महत्त्वाची मीटिंग बुडाली.

लॅपटॉपला जप. एसीतून थेट व्हरांड्यात आणलास तर गार झालेल्या यंत्रावर दव धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू दे, मग उघड. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत टाक. कपडे सुती नकोत, आपल्याकडं तासात वाळतात ते तिथं तीन दिवस ओले राहतात.

जळू लागली तर ओढू नकोस. नखानं तिचं तोंड कडेनं सरकव, सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही. घाबरू नकोस, धुऊन फडकं दाबून धर.

आणि दोन दिवस पूर्ण रजा टाक. अर्ध्या दिवसाच्या रजेनं डोकं शांत होत नाही. पहाटे शीळकरी कस्तूर पक्षी ओरडतो, अगदी एखादं पोरगं वाटेनं शीळ घालत चालल्यासारखा. तेव्हा फोन आतच ठेव.