'के' आणि पूर्णविराम

"मॅडम, मुलं फोनवर काय लिहितात तेच कळत नाही. काही लपवत तर नसतील?" पणजी आणि फोंडा परिसरातील पालकांकडून ही काळजी मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकली आहे की, त्यांपैकी एक अनुभव, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

मराठी प्राथमिक शाळेत शिकवणारी ही आई अकरावीतल्या मुलीला घेऊन आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक वही होती. डावीकडे मुलीच्या फोनमधली आणि इंटरनेटवरच्या याद्यांमधली लघुरूपे, उजवीकडे वळणदार अक्षरांत अर्थ: 'आयडीके' म्हणजे मला माहीत नाही, 'बीआरबी' म्हणजे आलेच, 'एनजीएल' म्हणजे खोटं कशाला बोलू. 'पीओएस', म्हणजे आईबाप मागे उभे आहेत, याखाली लाल रेघ होती.

"आई, हे आता कोण लिहितं गं?" मुलगी हसली.

अशा याद्या लवकर शिळ्या होतात. पूर्वी तारेला शब्दागणिक पैसे पडत, पुढे एका एसएमएसमध्ये रोमी अक्षरे १६० आणि देवनागरी जेमतेम ७० मावत, त्यामुळे काटकसर समजण्यासारखी होती. आता तशी मर्यादा उरली नाही, तरी लघुरूपे टिकली, कारण त्यांना सूर आला. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने २०११ मध्ये नोंदवलेला 'एलओएल' (म्हणजे मोठ्याने हसतेय) आज पुष्कळदा हसण्यासाठी नव्हे, तर वाक्याची धार कमी करण्यासाठी येतो. मी मुळातच शब्दापेक्षा नात्याकडे आधी पाहणारी. म्हणून वही मिटायला सांगून मी दोघींचे फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले.

मुलीचा संदेश होता, 'कदंबा बस चुकली, उशीर होईल'. आईचे उत्तर, 'बरं.' त्यावर मुलगी, 'के'.

"ओकेसुद्धा पूर्ण लिहवत नाही हिला," आई म्हणाली. "हा उद्धटपणाच ना?"

"मग तू काय लिहिलंस? 'बरं' आणि पुढे टिंब. म्हणजे घरी गेल्यावर ऐकून घ्यायचं."

"अगं, वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा असतो! मी रोज तेच शिकवते."

त्यानंतर खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. इतक्या वर्षांत एवढे तरी मला साधले आहे. आई काळजीपोटी मुलीच्या अक्षरांचा अर्थ लावत बसली होती आणि मुलगी, तितक्याच काळजीने, आईच्या टिंबाचा. अमेरिकेतील बिंगहॅमटन विद्यापीठाच्या संशोधकांनाही २०१५ मध्ये आढळले होते की, फोनवरच्या एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम आला तर ते वाचणाऱ्याला कमी मनापासूनचे वाटते, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसे होत नाही.

म्हणून पालकांना मी सांगते की, लघुरूप खटकले तर मुलांच्या नकळत फोन चाळू नका, अर्थ त्यांनाच विचारा, आणि ते कोणाला, कशानंतर लिहिले हेही पाहा. 'केएमएस'बाबत मात्र मी कडक आहे. त्याचा अर्थ 'जीव द्यावासा वाटतो' असा असून मुले तो परीक्षेच्या वैतागातही सहज लिहितात; तरीही "खरंच तसं वाटतं का?" असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर अडखळले तर मुलाला एकटे सोडू नये आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोलावे.

तिसऱ्या भेटीला आई वही न घेता आली. आदल्या दिवशी तिने मुलीला टिंबाशिवाय 'बरं' पाठवले होते. दोन मिनिटांत मुलीचा फोन आला, "आई, तुला बरं आहे ना?"