झाडांमध्ये मायोसिसमध्ये (पराग-बीजांड बनतानाचं, क्रोमोसोम निम्मे करणारं पेशीविभाजन) क्रोमोसोमच्या जोड्या बिघडतात, त्याला जीन कारणीभूत असतात का?

हो, बऱ्याचदा एकाच जीनमधला म्युटेशन पुरतो, आणि तो बहुतेक वेळा रिसेसिव्ह (दोन्ही कॉपी बिघडल्या तरच परिणाम दिसणारा) असतो. जोडी लागायला आधी डीएनए मुद्दाम तोडावा लागतो (हे काम एसपीओ११ नावाचं प्रोटीन करतं), मग तुटलेलं टोक आपला जोडीदार शोधतं, त्यासाठी डीएमसी१ लागतो, आणि क्रोमोसोमचा अक्ष नीट राहायला एएसवाय१, यातल्या एकाचा जरी जीन बंद पडला तरी क्रोमोसोम सुटे राहतात, कुठल्याही टोकाला जातात आणि पराग वांझ होतो. जोडी मुळात लागलीच नाही तर असायनॅप्सिस, लागून वेळेआधी सुटली तर डिसायनॅप्सिस.

उलटा प्रकार, म्हणजे चुकीच्या जोड्या अडवणारा जीन, गव्हात दिसतो आणि तो मला सगळ्यात भारी वाटतो: तिथे ए, बी, डी असे तीन जीनोम (क्रोमोसोमचे संच), ४२ क्रोमोसोम, तरी जोड्या बरोबर २१च, कारण ५बी क्रोमोसोमवरचा पीएच१ नावाचा भाग चुलत क्रोमोसोमना (वेगळ्या जीनोममधल्या मिळत्याजुळत्या) एकमेकांशी क्रॉसओव्हर (तुकड्यांची अदलाबदल) करू देत नाही. १९५८ साली हे कळलं, नंतर तिथली झिप४ या जीनची जादा कॉपी यामागे आहे हे सापडलं. पीएच१ काढला की तीन-चार क्रोमोसोम एकत्र अडकलेले दिसतात, ब्रीडर लोक जंगली गवतांमधले जीन गव्हात आणायला हेच वापरतात.

फक्त एक, सुटे क्रोमोसोम दिसले म्हणून लगेच म्युटेशन समजू नका, जास्त तापमानाने किंवा दूरच्या संकरातही तसंच होतं, हेटेरोझायगस (एक चांगली, एक बिघडलेली कॉपी असलेल्या) झाडाच्या सेल्फ केलेल्या (स्वतःच्याच परागाने आलेल्या) पिढीत नॉर्मल आणि बिघडलेली झाडं साधारण ३:१ आली तर जीन धरा.