कोल्हापुरात काउन्सेलर आहे, बिघडलेल्या वागण्याच्या पोरांसोबत काम करायला कुठलं ट्रेनिंग घेऊ?
सर्टिफिकेटच्या मागं लागू नका, ज्या कोर्समध्ये तुमच्या खऱ्या केसवर सुपरव्हिजन (जाणकाराचं मार्गदर्शन) मिळतं तोच धरा, नुसत्या स्लाइडा बघून काय होत न्हाई. आधी पॅरेंट मॅनेजमेंट ट्रेनिंग (पोराच्या वागण्यावर घरी कसं वागायचं हे पालकांना शिकवायची पद्धत) शिका, कारण आई सांगते फोन काढून घेतला की पोरगं ताट भिरकावतंय, पण भिरकावल्यावर फोन परत कोण देतं विचारलं की सगळं घर गप्प, आणि काम तिथनंच सुरू होतंय. पोरगं बोलायलाच तयार नसंल तर मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग शिका, म्हंजे बदलायची इच्छा त्याच्याच तोंडून बाहेर काढायची बोलण्याची पद्धत.

लैंगिक वागण्याची केस असंल तर अमेरिकेतल्या ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत त्यासाठी तयार झालेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) बघा, त्यात पालकबी सोबत असतात. आणि पॉक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) चं कलम १९ नीट वाचा, असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक हाय, 'घरातली गोष्ट' म्हणून दाबता येत न्हाई (आपल्याकडं हे लै चालतंय).