शेवटी निघालं काय, तर दोरी!

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, सराव परीक्षेत ६२ टक्के. जेईईच्या क्लासची फी भरून झाली आहे. पण हा दर रविवारी नर्मदाकाठच्या चांदोदला एका नावाड्याकडे जातो. त्याच्या बोटीच्या मोटरचं तेल गळत होतं, त्यात तीन रविवार घालवले. शेवटी निघालं काय, तर मासे धरायची दोरी! मी त्याची हत्यारं कपाटात बंद केली आहेत. बोटीचंच वेड आहे तर मर्चंट नेव्हीत घालावं का?
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तुमचं पत्र मुळात चार पानी आहे, इथे थोडंच छापलंय. त्यात मुलाचे टक्के एकदा आले आहेत आणि मेव्हण्यांचा आयआयटीतला मुलगा पाचदा. मला काळजी वाटली ती या पाचाची.

म्हणून फोन मुलालाच केला. दोरीची गोष्ट त्याच्याकडून ऐकली, तुम्ही ती ऐकलेली दिसत नाही. पाण्यावर तेलाचा तवंग यायचा, नावाडी म्हणे इंजिन उघडावं लागणार. पहिल्या रविवारी यानं डिपस्टिकवर, म्हणजे तेलाची पातळी मोजायच्या पट्टीवर, खूण करून फेऱ्या मारायला लावल्या. इंजिनातलं तेल तसूभर उतरलं नाही. म्हणजे गळती खाली पाण्यात बुडालेल्या गिअरच्या पेटीची, तिचं तेल वेगळं असतं. ते काढलं तर ताकासारखं पांढरट, पाणी शिरलेलं. दुसऱ्या रविवारी तेलाच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशर बदलले, गळती तशीच. तिसऱ्या रविवारी तेल काढून पंपानं बेताची हवा भरली, वरून साबणाचं पाणी फासलं. बुडबुडे आले पंख्यामागून, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरमागून. पंखा उतरवला, तर शाफ्टला नायलॉनची दोरी गुंडाळलेली. तिनंच सील, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, कापलं होतं.

साहेब, इंजिन न उघडता गळती सापडली. तुम्ही ज्याला वेळ घालवणं म्हणता, ते करायला गॅरेजवाल्यालाही धीर नसतो.

जुनं तेल कुठे टाकलंस, असं मुद्दाम विचारलं. ‘डब्यात भरून ठेवलंय, नर्मदेत नाही.’ पंखा काढताना स्पार्क प्लगची टोपी काढली होतीस? गप्प. यावर मात्र खुशाल रागवा, टोपी तशीच असली तर पंखा फिरवताना इंजिन अचानक सुरू होऊ शकतं, यात बोटं जातात.

आता मर्चंट नेव्ही. बोटीची आवड म्हणजे जहाजाची नोकरी, हा समज बऱ्याच घरांत आहे. त्या बोटीचं पेट्रोल इंजिन एकट्यानं उचलता येईल एवढं, मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेणारं. मोठ्या मालवाहू जहाजाचं मुख्य डिझेल इंजिन तीन-चार मजली, फेरे शंभराच्या आसपास. तिथे महिनोन्‌महिने घर दिसत नाही, वर हुकमाची उतरंड. तुमच्या मुलानं समुद्र एकदाच पाहिलाय, आणि त्याला तो आवडला नाही! त्याला बोट नको आहे, बिघाड हवा आहे. बसचा, पंपाचा, कशाचाही चालेल. तरी जायचंच असेल तर आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) प्रवेश परीक्षा सीईटी, बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ६० आणि इंग्रजीला ५० टक्के. रंगांधळेपणा असला तर विषय संपला.

जेईई देऊ द्या, फी भरलीच आहे. जमलं नाही तर मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईल डिप्लोमा, त्यानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ‘डिप्लोमा आमच्यात कोणी केला नाही’ असं लिहिलंय तुम्ही. तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं कलाभवन आहे. सयाजीराव महाराजांनी ते १८९० मध्ये हातातली विद्या शिकवायलाच काढलं होतं, आणि दांडिया बाजारातल्या माणसाला हे मी सांगावं?

बोर्डाची परीक्षा होईपर्यंत महिन्यातून एकच रविवार चांदोद, हे त्यानं माझ्याशी कबूल केलंय. पहिल्या रविवारी तुम्हीही जा. आणि कपाट आजच उघडा. सील ओढायचा पुलर त्यानं नावाड्याकडून उसना आणला होता, तोही आतच अडकलाय. नावाड्याचे दोन फोन येऊन गेले.