आधी तुमच्याबद्दल बोलू, नीटचं नंतर

पत्र थोडक्यात असं: धाराशिव जिल्ह्यातले एक शेतकरी, साडेतीन एकर जमीन. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं आणि नदीकडेची दीड एकर खरडून गेली. बँकेचं पीककर्ज थकलंय, शिवाय सावकाराचे दोन लाख. मुलीला बारावी सायन्सला ६८ टक्के, नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, २३० गुण. तिला वर्षभर लातूरला रिपीटर बॅचला, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या क्लासला, घालायचं म्हणून एक एकर विकायला काढलीय. ‘ती डॉक्टर झाली की सगळं फिटेल. पण तिचं लक्ष नाही. रात्री दोन-दोनदा उठते, मी ओसरीत झोपतो तिथवर येऊन बघते आणि परत जाते. सायकॉलॉजी करायची म्हणते. मलाही हल्ली झोप नाही, शेताकडे जावंसं वाटत नाही. मॅडम, तिला चार शब्द समजावून सांगा.’

दादा,

तुमच्या पत्रातलं ओसरीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते मुलीची तक्रार म्हणून लिहिलंय. अहो, ती तुम्ही जागेवर आहात ना, एवढं बघायला येते. बारावीचं वर्ष त्या पोरीने अशी राखण करत काढलं आणि तरी ६८ टक्के आणले. तिला मी काय समजावू?

झोप उडालीय, शेताकडे पाय वळत नाहीत, जमीन विकायला निघालीय. एका पत्रात हे सगळं एकत्र आलं की मला अभ्यासक्रमांबद्दल बोलणं सुचत नाही. म्हणून सरळ विचारते. जगणं नकोसं झालंय का? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का? मला उत्तर द्यायलाच हवं असं नाही, पण घरात कुणाला तरी खरं सांगा.

हे वाचून काही जण दचकतील. ‘नको ते माणसाच्या डोक्यात कशाला भरवता?’ असं मला पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात, चांगली शिकलेली माणसंही म्हणतात. हा समज अगदी चुकीचा आहे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. ज्याच्या मनात तो आधीच घर करून आहे त्याला कुणी मायेने, आडपडदा न ठेवता विचारलं की बोलायला वाट मिळते. ज्याच्या मनात नाही तो ‘नाही’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. घात होतो तो न विचारल्याने. भावकी ‘खंबीर राहा’ म्हणून चहा पिऊन उठते, बायको पोरांदेखत विषय काढत नाही, पोरगी अंधारात येऊन बघून जाते. तुमच्या घरात सगळे तुमच्याकडे बघतायत आणि विचारत कुणीच नाही.

आज १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. नंतर जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. जाताना बायकोला सोबत न्या. मुलीला नको, तिने पुष्कळ केलंय. झोप आणि भूक परत आणणारी औषधं असतात. ताप आला की गोळी घेतो, त्यात जसा कमीपणा वाटत नाही तसा यातही वाटायचं कारण नाही.

आणखी एक. फवारणीची औषधं घरात किंवा शेतातल्या खोलीवर असतील तर आजच विश्वासातल्या माणसाकडे कुलपात ठेवायला द्या, किल्ली त्याच्याकडेच राहू द्या. टोकाची घडी बऱ्याचदा थोडा वेळच असते. त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुढचं ठरतं. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि त्यापायी शेती काही बुडाली नाही. तुमच्या घरातलं कुलूपही त्याच कामाचं आहे.

आता ‘डॉक्टर झाली की सगळं फिटेल’ याचा हिशेब मांडू. रिपीटरचं एक वर्ष, एमबीबीएसची साडेचार, वर इंटर्नशिपचं एक. सगळं सुरळीत झालं तरी पुरा पगार दिसायला साडेसहा वर्षं. सावकाराचं व्याज तोवर थांबणार आहे का? बारावी झालेल्या मुलीच्या डोक्यावर बापाचं कर्ज ठेवून तिला पेपर सोडवायला बसवलंय, हे मला मान्य नाही. तुम्ही प्रेमापोटीच करताय हे कळतं, पण तिला ते ओझंच होतं. क्लाससाठी जमीन विकू नका.

कर्जाची वाट वेगळी आहे. अतिवृष्टीने पीक गेलं असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करून हप्ते पाडून मागता येतात. पंचनाम्याची प्रत आणि सातबारा जोडून बँकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारून परत येऊ नका. सावकाराकडे परवाना आहे का ते बघा. नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. एकट्याने जायचा धीर होत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आधी मोफत सल्ला घ्या.

मुलीचं थोडक्यात. नीट तिलाच नको असेल तर रिपीटरचा विषय इथेच संपला. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिली असेल तर बी.एस्सी. अ‍ॅग्रीची वाट आहे. राहुरी, परभणी, अकोला, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. इतर मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटकात) बसत असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण फी २०२४पासून माफ आहे. सायकॉलॉजीत बी.ए. करून पुढे एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य) करता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसत्या एम.ए.वर ते होत नाही.

या शिक्षणाला गावात काम नाही असं समजू नका. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पाने गावातलीच माणसं शिकवून तयार केली. ती घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायची, गरज दिसली की डॉक्टरांपर्यंत न्यायची. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे सुमारे सहा पट वाढलं. शेतीत वाढलेल्या, हंगाम आणि हप्ता दोन्ही कळणाऱ्या मुलीची या कामाला फार गरज आहे. पगाराचं खरं सांगते, सुरुवातीच्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात.

पण माझी तिच्याबद्दलची शंका दुसरीच आहे. सायकॉलॉजी तिला आवडते, की तुम्हाला सावरायची म्हणून हवीय? दुसरं कारण असेल तर मी तिलाही ‘थांब’ म्हणेन. आपल्याच बापाचं समुपदेशन करायचं नसतं, या व्यवसायात ते बसतही नाही. आणि तुम्ही बरे झालात की मग तिला त्या विषयात काय उरेल? तुमचे उपचार सुरू झाले आणि ती रात्री सलग झोपायला लागली की तिची खरी आवड तिला स्वतःलाच नीट कळेल. प्रवेशाच्या तारखा हातच्या जाऊ नयेत म्हणून अर्ज मात्र शेतकी आणि सायकॉलॉजी, दोन्हीकडे भरून ठेवा.

तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तिचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे. पुढचं पत्र तिला लिहायला सांगा, आणि ते तुम्ही वाचून बघू नका. तुम्हाला मला काही कळवायचं असेल तर वेगळं लिहा. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर काय म्हणाले तेवढं कळवलंत तरी पुरे.