‘स्टेटस ओके’ एवढंच दिसतंय, म्हणून लॅपटॉप कपाटात?

पत्र थोडक्यात असं: तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेला, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ६८ टक्के आहेत. दोन महिने झाले ‘डेटाबेसवाल्या सर्व्हरचा स्टार्टर टेम्प्लेट बनवतोय’ म्हणतो, दाखवायला काही नाही. स्क्रीनचा फोटो पाठवतोय, भावकीच्या ग्रुपवरही टाकला होता, कुणाला काही कळलं नाही. भाच्याने तेवढ्यात हॉस्पिटलची अख्खी वेबसाइट केली. रोज संध्याकाळी हिशोब विचारतो तर हा बोलत नाही, म्हणून आठ दिवस लॅपटॉप कपाटात ठेवलाय. पुण्याला ७० हजारांच्या फुल स्टॅक (वेबसाइट आणि तिच्या मागचा सर्व्हर, दोन्ही बनवायला शिकवणाऱ्या) कोर्सला घालू का एमपीएससीला बसवू?

दादा, पत्र दोनदा वाचलं. ६८ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, मी अडकलो ते कपाटाच्या ओळीवर. आणि त्याच्या आधीच्या, रोज हिशोब विचारतो त्या ओळीवर. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं आहे ते, तुमच्याकडं हजेरीवर नाही. तुम्ही विचारता आज काय केलंस, आणि बऱ्याचदा त्याचं खरं उत्तर असतं की दिवसभर एक एरर निघाली नाही. हे तो कसं सांगणार? सांगितलं की भाच्याचं नाव निघणार, मग तो गप्प बसतो आणि तुम्ही मला लिहिता की बोलत नाही. भाच्याचं काम मी बघितलेलं नाही, त्याच्याबद्दल काही म्हणत नाही. पण घरी काहीतरी दाखवायला पाहिजे म्हणून तयार प्रोजेक्ट विकत आणलेलं एक पोरगं माझ्यासमोर येऊन बसलं होतं, लॉगिन कुठल्या फाइलमध्ये आहे म्हटलं तर दहा मिनिटं नुसता माउस फिरवत होता. वडील खूश होते त्याचे.

आता तुमचा फोटो. काळी स्क्रीन, ‘सर्व्हर ३००० पोर्टवर चालू’ अशी ओळ, शेजारी ब्राउझरमध्ये ‘स्टेटस ओके’. तुम्हाला वाटतं दोन महिन्यांत एवढंच. अहो, नवीन बाग धरता तेव्हा पहिल्या वर्षी रस्त्यानं जाणाऱ्याला काय दिसतं? डॉगरिजची जंगली रोपं. त्यावर कलम नंतर भरता, अँगल उभे करता, तारा ओढता, ड्रिप टाकता, आणि त्यावेळी कुणी म्हणालं की एवढा पैसा घातला आणि घड कुठायत, तर तुम्ही त्याला काय म्हणाल ते मी इथं लिहीत नाही. टेम्प्लेट म्हणजे कुणाचं तरी उचललेलं असाही तुमचा समज दिसतोय, तसं नाही. आलेली रिक्वेस्ट कुठल्या फाइलकडं जाणार, डेटाबेसला कसं जोडायचं, पासवर्ड कोडच्या बाहेर कुठं ठेवायचा, हे प्रत्येक प्रोजेक्टला लागतंच, ते एकदा नीट उभं करून ठेवायचं म्हणजे टेम्प्लेट. साधी गोष्ट सांगतो, पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर सेटिंग न बदलता साधारण १०० कनेक्शन घेतं, येईल त्या रिक्वेस्टला नवीन उघडलं आणि बंद करायचं राहिलं की सर्व्हर अडकतो, म्हणून दहाएक कनेक्शन उघडून तयार ठेवायची, ह्याला पूल म्हणतात, आणि तीच आलटून पालटून वापरायची. किंवा मायग्रेशन घ्या, टेबलात एक कॉलम वाढवला तरी तो बदल फाइलमध्ये क्रमानं लिहून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर तोच डेटाबेस तसाच्या तसा उभा राहतो. बरीच पोरं टेबल हातानं बनवतात आणि डेमोच्या दिवशी कॉलेजच्या पीसीवर काहीच चालत नाही.

त्या ‘ओके’ची परीक्षा तुम्हीसुद्धा घेऊ शकता, पण चहा पिता पिता, हजेरी घेतल्यासारखी नको. पोस्टग्रेस बंद कर म्हणावं आणि तेच पान रिफ्रेश कर. तरी ओके आलं तर ते नुसतं छापलेलं आहे, सर्व्हर जिवंत आहे एवढंच सांगतंय, डेटाबेस मेला तरी त्याला पत्ता नाही. डेटाबेसला खरोखर ‘सिलेक्ट १’ हा साधा प्रश्न विचारून उत्तर देत असेल तर तिथं एरर यायला पाहिजे. आली तर पोराच्या पाठीवर थाप मारा.

पण पोरगं सुटलं असं समजू नका, हा भाग त्याला वाचायला द्या. दोन महिने जास्त झाले रे. पंधरा दिवसांचं काम आहे हे. आधी साधं जावास्क्रिप्ट, मग सगळं टाइपस्क्रिप्टमध्ये, मग डॉकर, मग फोल्डरची नावं बदल, असं चाललं असणार, मी पैज लावतो. टेम्प्लेटला कुणी नापास करत नाही, त्यामुळं लपायला ती बरी जागा आहे, आणि घरात रोज चौकशी बसत असेल तर माणूस लपतोच.

कोर्सला घालू नका. तिथं सुरुवातीचे आठवडे ज्यात जातील त्यातलं बरंच हा घरी बसून झगडून शिकलाय. एमपीएससी, गेट, सी-डॅकची सी-कॅट ह्या परीक्षांचे रस्ते आहेतच, त्याला स्वतःला जायचं असेल तर, तुम्ही ‘बसवून’ नाही.

त्याऐवजी तुमची फवारणीची वही त्याच्या हातात द्या. तारीख, प्लॉट, औषध, डोस, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं त्यात असणार, आणि एकाच औषधाचं नाव तीन पानांवर तीन तऱ्हेनं लिहिलेलं असणार. औषधांचं टेबल वेगळं का करायचं हे त्याला पुस्तकापेक्षा तिथं लवकर कळेल. तो प्लॉट, औषधं, फवारण्या अशी तीन टेबलं करेल आणि खूश होईल. मग तुम्ही सांगायचं की डावणी आणि भुरी ह्या दोन रोगांचं औषध त्या दिवशी एकाच टाकीत मारलं होतं. एका फवारणीत एकच औषध धरून चालला असेल तर त्याची मांडणी तिथं मोडणार, मधे अजून एक टेबल घालावं लागणार, नवीन मायग्रेशन लिहावं लागणार, आणि दोन महिने बनवलेला टेम्प्लेट कामाचा आहे का नाही ते त्या दिवशी दिसेल. शेवटी त्याला एकच प्रश्न द्या: ह्या प्लॉटचा माल अमुक तारखेला काढला तर चालेल का? उत्तर मोबाइलवर आलं पाहिजे. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्यांचा मारा सुरू होतो, त्याच्या आधी एवढं होऊ द्या. ह्यात तुम्ही गिऱ्हाईक आहात, तेव्हा आज काय केलंस असं विचारायचं नाही, मला हे असं पाहिजे एवढंच सांगायचं. आठवड्यातून एकदा बसा, रविवारी.

आणि एक राहिलंच. तुमच्या फोटोत डाव्या बाजूला एनव्ही फाइल, म्हणजे पासवर्ड ठेवायची फाइल, उघडी आहे आणि डेटाबेसचा पासवर्ड चष्मा न लावता वाचता येतोय. ग्रुपवरनं तो फोटो आधी काढा. पासवर्ड त्याला आजच बदलायला लागेल, तेवढ्यासाठी तरी कपाट उघडा.